पद्मिनीच्या चाकांचा मूळ सिल्व्हर: प्रकल्प नोंदी

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पत्र्याच्या १४ इंची डिस्क पाच, म्हणजे चार चाकं आणि स्टेपनी. ट्यूबवाले टायर, मध्ये क्रोमची कॅप. बॉडीचं काम संपलंय. आता डिस्क.

गॅरेजात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: चाकं ना, सिल्व्हर मारून टाका. पण सिल्व्हर हा एक रंग नाही. ॲल्युमिनियमचा दाणा किती बारीक, तो कशात कालवलाय, वर क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) आहे की नाही आणि चमक किती, या चार गोष्टींवर चाक १९८२ सालचं दिसणार की कालच्या हॅचबॅकचं, हे ठरतं. जुन्या गाडीवर आजचा लखलखीत सिल्व्हर बसला की नजर आधी तिथेच जाते, मग बॉडीची शेड कितीही अचूक असो.

आत्ता वर जो रंग आहे तो डब्यातला साधा ॲल्युमिनियम पेंट. ओळखायला सोपा: तळहात फिरवला की हात चंदेरी होतो. या पेंटमधले दाणे मुद्दाम असे केलेले असतात की ते तरंगून वर येतात आणि पृष्ठभागावर आरशासारखा थर धरतात. म्हणून तो नवा असताना क्रोमसारखा चकाकतो आणि वर्षभरात भुरकट होतो. त्याच्यावर दुसरा कोणताही रंग किंवा क्लिअर धड चिकटत नाही, कारण खाली धरायला राळ (दाणे बांधून ठेवणारा घटक) नसते, सुटे दाणेच असतात. चिकटपट्टी लावून ओढली, दाणे पट्टीला आले. म्हणजे हा थर पूर्ण काढणं भाग आहे. यावर घासून नवा हात मारणं हा पैसे वाया घालवायचा मार्ग.

५ ऑक्टोबर, शनिवार

टायर उतरवले. मूळ रंग शोधायच्या जागा, उपयोगाच्या क्रमाने:

कॅपखालचं सपाट कडं. ऊन लागत नाही, ब्रेकची धूळ कमी, आणि सपाट असल्यामुळे मोजायला सोयीचं.
जुन्या बॅलन्सिंगच्या शिशाखालची जागा. नखाएवढी असते, पण बहुतेक वेळा मागाहून मारलेला रंग शिशाच्या वरूनच गेलेला असतो.
टायरची कड बसते ती पट्टी. इथे मूळ रंग सापडतो, पण रबरातली रसायनं त्यात उतरून तपकिरी डाग पडतात.
डिस्कचा हबला टेकणारा भाग. गंज नसेल तर चांगला, पण बहुतेक वेळा गंजच असतो.

बाहेरचा दर्शनी भाग या यादीत नाही. चाळीस वर्षं ऊन, पाऊस आणि धुणं सोसलेल्या जागेवरून शेड ठरवणं म्हणजे उन्हात विटलेल्या पडद्यावरून ठाण निवडणं.

पाचांमध्ये स्टेपनीची डिस्क सर्वात शाबूत. तिच्या कॅपच्या जागी सुमारे ४ सेंमी रुंद सपाट पट्टा हाताशी आहे. आधी फक्त साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. वरचा थर अजून काढायचा आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

थर उघडले. पद्धत अशी: रुपयाएवढ्या जागेत ४०० नंबरच्या वॉटर पेपरने मध्यभागी खोल आणि कडेला उथळ असं घासत जायचं, मग ८०० आणि १५००. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर एकाभोवती एक दिसतात. पाणी भरपूर, दाब कमी, आणि प्रत्येक नवा रंग दिसला की थांबून फोटो. पाच डिस्कवर प्रत्येकी तीन ठिकाणी केलं, एका जागेवर भरवसा ठेवू नये.

चार डिस्कवर वरून खाली एकच क्रम निघाला: ॲल्युमिनियम पेंट, त्याखाली क्रीम, त्याखाली बारीक दाण्याचा सिल्व्हर, त्याखाली काळा प्रायमर, मग पत्रा.

पाचव्या डिस्कवर क्रीमखाली सरळ रेड ऑक्साइड, म्हणजे लाल गंजरोधक प्रायमर. सिल्व्हरचा मागमूस नाही. मागचा शिक्काही वेगळा. ही डिस्क दुसऱ्या गाडीची. यात नवल नाही. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी दशकानुदशकं धावल्या आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची रस्त्यावरून उतरली. त्या सगळ्यांची चाकं भंगारबाजारातून या गाडीची त्या गाडीला लागत गेली. म्हणून एकाच डिस्कवरून रंग ठरवला असता तर क्रीम हाच मूळ रंग असं मानून मोकळे झालो असतो. पाचवी डिस्क पुराव्यातून बाद. रंगवायला चालेल की नाही ते ब्लास्टिंगनंतर, म्हणजे हवेच्या दाबाने खडी मारून रंग-गंज उडवल्यावर, बघू.

कुठला थर कारखान्यातला, याची खात्री एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरने केली. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून ३० सेकंद थरावर दाबून धरायचा. वरचा ॲल्युमिनियम पेंट बोळ्याला आला. क्रीम थर फुगून सुरकुतला, म्हणजे हवेवर वाळलेला सिंथेटिक इनॅमल, हाताने मारलेला. सिल्व्हर जसाच्या तसा, बोळा स्वच्छ. भट्टीत भाजलेला रंग थिनरला अशी दाद देत नाही. गल्लीतल्या पेंटरकडे भट्टी नसते, कारखान्यात असते. एनसीचा थर असता तर बोळा चंदेरी होऊन रंग पूर्ण विरघळला असता.

तर मूळ रंग: भाजलेला, बारीक दाण्याचा सिल्व्हर, वर क्लिअर नाही. हा निष्कर्ष या चार डिस्कपुरता. दुसऱ्या सालच्या गाडीवर तिचे थर उघडल्याशिवाय तो लावू नये.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

ब्लास्टिंगवाला बंद. हातातलं काम केलं.

स्टेपनीच्या सपाट पट्ट्यावर क्रीम थर थिनरने मऊ करून लाकडी पट्टीने खरवडला. लोखंडी पाती नको, सिल्व्हरचा थर जेमतेम २० मायक्रॉनचा असतो. खाली ३ सेंमी बाय ५ सेंमीचा मूळ रंग मोकळा झाला. अल्कोहोलने पुसल्यावर लगेच चमक मोजली: ग्लॉसमीटरवर ६० अंशाला ४१. ही नोंद कंपाउंड (घासून चमक काढायची पेस्ट) मारण्याआधीच घ्यायची. कंपाउंडने घासलं की चमक चढते आणि खोटा आकडा हाती लागतो. वयामुळे थोडी उतरली असणार हे धरून लक्ष्य ४५ ते ५०. आजच्या क्लिअर मारलेल्या गाडीवर हाच आकडा ८५ ते ९०च्या पुढे असतो. जुनं आणि नवं यांतला दिसण्यातला अर्ध्याहून जास्त फरक इथे आहे, शेडमध्ये नाही.

मग अगदी हलक्या हाताने बारीक कंपाउंड. फडकं करडं झालं. वर क्लिअर नसल्याची ही आणखी एक खूण: कपड्यावर ॲल्युमिनियमचा मळ येतो. गंजाचे दोन ठिपके ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने उतरले, नंतर पाण्याने नीट धुऊन घेतलं.

मोकळा झालेला रंग किंचित पिवळट दिसतोय. इथे फसायला होतं. जुन्या भाजलेल्या इनॅमलमध्ये बहुधा अल्कीड राळ असते, आणि अल्कीड अंधारात पिवळं पडतं. म्हणजे जिथे ऊन लागत नाही म्हणून आपण मूळ रंग शोधायला जातो, नेमका तिथेच पिवळेपणा चढलेला असतो. पिवळट झांक मूळची की अंधाराची, हे शेड बनवण्याआधी कळायलाच हवं. अर्ध्या पट्ट्यावर काळी टेप, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल. डिस्क दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला ठेवली, आठवडाभर.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परतीच्या पावसाचे दोन दिवस फुकट गेले, तरी फरक ढळढळीत. टेप काढल्यावर मधोमध सरळ रेघ: झाकलेला अर्धा पिवळट, उघडा अर्धा थंड, किंचित निळसर करडा. पिवळेपणा अंधाराचा होता. शेडमध्ये ऑकर (मातकट पिवळा) घालायचा विचार सोडला.

उघड्या अर्ध्या भागाचं मशीनवर वाचन घेतलं. रंग मिसळणाऱ्या दुकानात मल्टी-अँगल मशीन आहे का, हे आधी विचारून घ्यावं. एका कोनातून बघणारं मशीन साध्या रंगाला ठीक, मेटॅलिकला (धातूचे दाणे असलेल्या रंगाला) निरुपयोगी, कारण मेटॅलिक समोरून उजळ आणि तिरपा बघितला की काळपट दिसतो. किती काळपट, हेच जुळवायचं असतं. इथल्या मशीनने १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंशांवर वाचलं.

मशीनने सुचवलेला सर्वात जवळचा तयार फॉर्म्युला ४५ अंशाला जुळतो, पण १५ अंशाला फार उजळ आणि ११० अंशाला फार काळा. अर्थ सरळ आहे: त्यातला दाणा जाडा. जाडा दाणा समोरून आरशासारखा उजेड परत फेकतो आणि बाजूने अंधार दाखवतो. बारीक दाण्यात उजेड विखुरतो, त्यामुळे समोरची आणि बाजूची शेड जवळजवळ असते. मूळ चाक साडीच्या जरीसारखं लखलखत नाही, कल्हई केलेल्या पातेल्यासारखं शांत दिसतं.

आरएएल या रंगांच्या क्रमांकसूचीतल्या ९००६ चा तयार डबाही आणला, कारण पत्र्याच्या चाकांसाठी तोच सर्रास सुचवला जातो. वाईट नाही. मूळ रंगापेक्षा उजळ आहे, आणि ९००७ पलीकडे जाऊन फारच गडद. आपला रंग या दोघांच्या मध्ये, ९००६ कडे झुकलेला. ज्याला शोधाशोध न करता काम उरकायचंय त्याने ९००६ घ्यावा, पण सॅटिन (मंद चमकेचा), ग्लॉस नको.

२० ऑक्टोबर, रविवार

नमुने. सपाट कार्डावर नाही, पत्र्याच्या १० सेंमी पट्ट्या डिस्कसारख्या वाकवून. सपाट कार्डावर जुळलेला मेटॅलिक गोलाईवर हमखास चुकतो.

सुरुवात १०० ग्रॅमची: बारीक दाण्याचा सिल्व्हर ९३, पातळ केलेला काळा ५, पांढरा २. आकडे टिंटरच्या (मिसळायच्या रंगाच्या) ताकदीनुसार बदलतील, दिशा बदलणार नाही. काळा वाढवला की सगळ्याच कोनांतून गडद होतो. पांढरा वाढवला की तिरपा कोन उजळतो, पण समोरून दुधाळ, मेल्यासारखा दिसायला लागतो. तीन ग्रॅमला तसं झालंच, म्हणून दीडवर उतरवला. शेवटचं प्रमाण ९४, ४.५ आणि १.५. वजन ०.१ ग्रॅमच्या काट्यावर.

मग तोच डबा, तीच गन, तीन पट्ट्या. एक ओली मारली, एक मध्यम, एक कोरडी. ओल्या हातात दाणे खाली बसतात, शेड गडद होते. कोरड्यात दाणे वर अडकतात, शेड उजळ होते आणि पोत खरखरीत. ओल्या आणि कोरड्या पट्टीतला फरक आपल्या फॉर्म्युल्यात आणि आरएएल ९००६ मध्ये असलेल्या फरकापेक्षा मोठा निघाला! म्हणजे डबा अचूक असून हात चुकला तर सगळं गेलं. मध्यम पट्टीमागे लिहून ठेवलं: नोझल १.३, दाब २ बार, अंतर १५ ते १८ सेंमी, दोन मध्यम हात, मग ३० सेंमीवरून दाब १.२ बारवर आणून एक हलका शेवटचा हात.

पट्ट्या सकाळी दहाला उघड्या सावलीत बघितल्या, मग थेट उन्हात, मग ट्यूबलाइटखाली. ट्यूबलाइटखाली सगळ्याच पट्ट्या जुळल्यासारख्या वाटल्या. तिथे काही ठरवू नये.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चमक. मूळ रंगावर क्लिअर नव्हतं, पण बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) उघडा ठेवला तर ॲल्युमिनियम वर्षभरात काळं पडेल आणि ब्रेकची धूळ त्यात रुतेल. म्हणून क्लिअर हवं, फक्त ते दिसता कामा नये. मॅट आणि ग्लॉस, दोन्ही एकाच कंपनीचे टूके (हार्डनर मिसळून वापरायचे) क्लिअर मिसळून बघितले. मॅट ४० ग्लॉस ६० ला ग्लॉसमीटरवर ५५, अर्धं-अर्धं केल्यावर ४७. अर्धं-अर्धं पक्कं.

मॅट क्लिअरच्या तीन सवयी लक्षात ठेवाव्यात. डबा तळापासून ढवळल्याशिवाय वापरला तर पहिलं चाक चमकदार आणि पाचवं मंद येतं. थर जाड झाला की चमक बदलते. आणि कचरा बसला तर घासून पॉलिश करता येत नाही, तेवढी जागा तुकतुकीत होते. पूर्ण डिस्क पुन्हा मारावी लागते.

२७ ऑक्टोबर, रविवार

ब्लास्टिंगला देण्याआधी स्टेपनीचा मूळ रंगाचा तुकडा झाकला: ब्लास्टिंगची जाड रबरी टेप दोन थर. हा तुकडा कायम राहील, कॅपखाली कुणाला दिसणारही नाही. पुढे कुणाला पुन्हा रंग जुळवायचा झाला तर त्याला डब्यावरचं लेबल नाही, खरा नमुना मिळेल. मूळ रंग पूर्ण उडवून देणारं रिस्टोरेशन ही आमच्या मते मोठी चूक आहे.

ब्लास्टिंग ८० मेशच्या गार्नेटने, ४ बारवर. जाड खडी मारू दिली तर पत्र्यावरचे खड्डे प्रायमरमधून सिल्व्हरला दिसतात. मेटॅलिक काही लपवत नाही. वाळू तर नकोच, तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात.

पाचव्या डिस्कला बोल्टच्या दोन भोकांमध्ये केसासारखी चीर. वेल्डिंग करायची नाही, बाद. तिच्या जागी दुसरी शोधून आणून आज एकत्रच ब्लास्ट केली. उरलेल्या चारांची भोकं गोल, रिमचा डगमग डायल गेजवर १ मिमीच्या आत.

त्याच दुपारी, चार तासांच्या आत, इपॉक्सी प्रायमर, सुमारे ५० मायक्रॉन. रात्रभर उघडं ठेवलं असतं तर या दमट हवेत सकाळी पिवळा गंज दिसला असता. बोल्टच्या तिरक्या बैठकी आणि हबला टेकणारा भाग मास्क केला, तिथे प्रायमरचा एकच पातळ हात. जाड रंग तिथे दाबला जाऊन नंतर बोल्ट सैल पडतात. पावडर कोटिंग न करण्याचं एक कारण हेच. दुसरं म्हणजे ६० ते ८० मायक्रॉनची पावडर ठशांच्या कडा गोल करते. रोज चालणाऱ्या गाडीला मात्र पावडर टिकाऊ, तिथे वाद नाही.

लांबी (पुट्टी) भरली नाही. स्पॉट वेल्डचे खळगे आणि प्रेसच्या खुणा कारखान्यातल्या आहेत, त्या दिसायलाच हव्यात.

दिवाळीचा आठवडा: काम बंद. प्रायमर पक्का व्हायला मोकळा वेळ मिळाला.

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रायमर ६०० ने पाण्यात घासला. ४०० चे ओरखडे सिल्व्हरमध्ये रेघा होऊन उमटतात. प्रायमरची शेड मध्यम करडी आहे. पांढऱ्यावर मारला तर आतल्या कोपऱ्यांत रंग पातळ राहून उजळ ठिपके दिसतात.

पाच डिस्क, दोन्ही बाजू मिळून सुमारे २ चौ.मी. बेसकोट ५०० मिली अधिक थिनर ३०० मिली. क्लिअर ६०० मिली अधिक हार्डनर ३०० मिली, थिनर ६० मिली. पाचही डिस्कसाठी रंग एकदाच कालवला. निम्म्यावर दुसरा डबा कालवला की दोन चाकं वेगळी आलीच म्हणून समजा.

डिस्क आडवी, फिरत्या स्टँडवर. आधी मागची बाजू. हवा २८ अंश, आर्द्रता ५५ टक्के.

दुसऱ्या डिस्कवर ढग आले: मधल्या वाटीत गडद डाग, कडेला उजळ. कारण वाटीत गन जवळ गेली, तिथे ओलं बसलं आणि दाणे वाहून एका जागी जमले. ओल्यावरच दुरुस्ती करायला गेलं की ढग वाढतात. १५ मिनिटं थांबून, बेस पूर्ण मंद झाल्यावर, ३० सेंमीवरून तोच हलका शेवटचा हात फिरता फिरता दोनदा दिला. ढग गेले. पुढच्या तीन डिस्कना वाटीत आधी लांबून आणि मग बाहेरच्या कड्यावर, असा क्रम उलटा ठेवला. ढग आलेच नाहीत.

बेसनंतर ३० मिनिटांनी क्लिअर, दोन मध्यम हात, मध्ये १० मिनिटं.

१० नोव्हेंबर, रविवार

सावलीत स्टेपनीच्या मूळ तुकड्याशेजारी बघितलं. समोरून फरक सापडत नाही. जमिनीजवळून, खूप तिरपं बघितलं तर नवा रंग केसभर गडद. तो तसाच ठेवला. टायरच्या काळ्या कडेशेजारी तो फरक दिसणार नाही, आणि त्यासाठी पांढरा वाढवला तर समोरचा दुधाळपणा परत येईल. समोरून नेमका आणि बाजूने थोडा चुकलेला रंग दोन्हीकडून थोडा चुकलेल्यापेक्षा बरा.

१७ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस वाळल्यावर टायर चढवले. पंक्चरवाल्याला पहार रिमवर थेट लावू दिली नाही, खाली प्लास्टिकचे तुकडे, टायरच्या कडेला भरपूर साबणपाणी. शिशाची क्लिप ठोकताना रंगाला टवका उडतो, म्हणून क्लिपखाली ब्रशने रंगाचा ठिपका देऊन मगच बसवली.

बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले. ५० किमीनंतर पुन्हा बघायचे आहेत.

बेसकोट ८० मिली उरला. काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकणावर टेप. बाटलीवर प्रमाण, नोझल, दाब, अंतर आणि हातांची संख्या लिहिली. मध्यम पट्टीही बाटलीसोबत ठेवली.